पंचकल्याणीचे पाय

सोमवार, ता. ३

आजपासून डायरी लिहायची ठरवलं, कारण घरात माझं म्हणणं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. ही (म्हणजे आमची बायको) माझं बोलणं ऐकता ऐकता चादरी मोजते आणि शेवटी मला चादरींचा आकडा सांगते. आत्याला कमी ऐकू येतं, पण नेमकं मी बोलतो तेव्हाच. राहिली घोडी. ती कान टवकारून सगळं ऐकते. आज ऐकता ऐकता तिने मला लाथ मारली.

कपाळावर पांढरा पट्टा आणि गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र चारही पाय, अशी अस्सल पंचकल्याणी घोडी आमच्या लाँड्रीची गाडी ओढते. लाँड्रीच्या गाडीला असे पाय म्हणजे चालतीबोलती जाहिरात. रस्ते सध्या चिखलाने भरलेत, म्हणून गाडी परत आली की मी रोज संध्याकाळी तिचे पाय स्वतः धुतो. आधी साबण, मग ब्रश, मग शेवटच्या पाण्यात चिमूटभर नीळ. हॉटेलच्या टेबलक्लॉथचेसुद्धा मी इतके लाड करत नाही.

तरी खुरांच्या वर, मागच्या खळगीत, खपल्या धरल्यात. करड्या, जाड, चिवट. काढल्या की पुन्हा येतात. आमचे वडील सांगायचे, डाग काढायचा, तो कसा पडला हे कधी विचारायचं नाही. आमचा धंदा ह्या एका नियमावर चाललाय. पण आज माझाही धीर सुटला. खपली नखाने उचकटत मी घोडीला विचारलं, "अगं, हे येतं तरी कुठून?" त्यावर लाथ.

मांडी सुजली आहे. उद्या दुप्पट घासणार.

मंगळवार, ता. ४

हिने मला न विचारता डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई घोड्यांच्या आहेत, पण बोलतात माणसांना लाथ मारल्यासारखं.

"रोज धुता?"

"रोज!" मी छाती फुगवून सांगितलं.

"साबणाने?"

"एक नंबर साबणाने. वर नीळ."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, कौतुकाने. मग म्हणाल्या, "अहो, कातडी सतत ओली राहिली की मऊ पडते, चिरते, त्यात जंतू शिरतात आणि वर खपली धरते. तुम्ही ती ओरबाडता, पुन्हा जखम होते. धुणं बंद करा. चिखल वाळू द्या, मग झाडा. हे औषध फडक्याने लावा आणि आपोआप वाळू द्या, वर मलम. खपल्या मऊ होऊन आपल्या आपण सुटतील. कोरडं ठेवा. कोरडं!"

तीन पिढ्या आम्ही गावाचे कपडे वाळवतोय आणि ही बाई मला कोरडं म्हणजे काय ते शिकवते. नीट धुतलेली वस्तूच नीट वाळते, हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "आणि सूज वर चढली तर घोडी पुन्हा गाडीला जुंपायची नाही. कधीच नाही." मग माझ्याशी बोलणंच सोडून त्या फाटकाशी हिच्याबरोबर बराच वेळ कुजबुजल्या. पडदे धुवायला टाकायचे असतील.

औषधाची बाटली मी फळीवर अगदी मागे ठेवली. फेकली नाही. वस्तू फेकायचा माझा स्वभाव नाही.

शुक्रवार, ता. ७

दुप्पट घासूनही खपल्या दुप्पट. कुठेतरी घोडं पेंड खातंय.

संध्याकाळी मेहुणा जेवायला आला. हिचा धाकटा भाऊ. त्याच्याकडे एक जुनी व्हॅन आहे आणि ती आमच्या धंद्यात घुसवायचा त्याचा कधीपासूनचा बेत आहे. भाताचा डोंगर समोर घेऊन म्हणाला, "भावोजी, महिनाअखेरपर्यंत वाट बघा. पाय बरे झाले नाहीत तर घोडी द्या कुणाला तरी, मी व्हॅन लावतो. व्हॅनला खपल्या येत नाहीत."

"गंज येतो," मी म्हणालो.

मी हिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. तीस वर्षं झाली लग्नाला, अजून कळत नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. दोन वर्षांपूर्वी घोडी आणली ती मी घरात न विचारता. त्या दिवशी ही दारात उभी राहून म्हणाली होती, "आता एक तर ती राहील नाहीतर मी." हसून म्हणाली होती, पण हिचं हसणं इस्त्रीसारखं असतं, हात लावल्याशिवाय गरम आहे की गार ते समजत नाही. तेव्हापासून ही तबेल्याकडे फिरकलेली मी पाहिली नाही. घोडीला "तुमच्या बाईसाहेब" म्हणते. घोडी गेली तर हिला सुटल्यासारखंच वाटेल. मला मात्र फार वाईट वाटेल. फारच.

रविवार, ता. ९

तबेल्यातला साबण गायब. अख्खी वडी. आत्याला विचारलं तर म्हणाली, "उंदराने नेला असेल."

"एवढी मोठी वडी?"

"उंदीरही मोठा होता."

दुसरी वडी आणून ठेवली. दुपारपर्यंत तीही गेली. उंदीर बहुधा खानदानी असावा, स्वच्छतेची आवड असलेला.

बुधवार, ता. १२

आज तबेल्याच्या नळाचा कान नाही. म्हणजे नळ आहे, फिरवायचा कान नाही. पाणी आत आणि आम्ही बाहेर. दोन तास शोधलं. शेवटी आत्याच्या शिवणाच्या डब्यात सापडला, दोऱ्याच्या रिळांखाली.

"आत्या, हा इथे कसा?"

"मला वाटलं बटण आहे."

"पितळेचं? एवढं?"

"कोटाचं असेल म्हटलं."

वय झालं आत्याचं. कान बसवला, बादली भरली आणि तबेल्यात पोचेपर्यंत बादली रिकामी. तळाला भोक. नीट बघितलं, छान गोल भोक आहे, खिळा ठोकून पाडावं तसं. हल्ली बादल्यासुद्धा काय करतील नेम नाही.

ही दुपारी डोकं दुखतंय म्हणून पडली होती. माझा आरडाओरडा ऐकून म्हणाली, "एक दिवस नाही धुतलं तर काय बिघडतं? पण तुम्हाला सांगून उपयोग नाही. सांगून ऐकणाऱ्यातले तुम्ही नाहीच."

खरं आहे. माझ्या निश्चयाची घरात कुणाला तरी जाणीव आहे, हे ऐकून बरं वाटलं.

गुरुवार, ता. १३

शेजाऱ्याच्या विहिरीवरून त्याच्याच बादलीने पाणी आणलं, शेजाऱ्याचाच साबण घेतला आणि काल राहिलेलं आज भरून काढलं. खपल्या सगळ्या खरवडल्या. रक्त आलं.

दुपारी घोडी लंगडली. मागचा डावा पाय घोट्यापर्यंत सुजलाय आणि हात लावला की ती थरथरते. लाथसुद्धा मारत नाही. मारली असती तर बरं वाटलं असतं.

गाडी बंद. हॉटेलचे गठ्ठे मी आणि हिने हातगाडीवरून नेले. चढावर ही मागून ढकलत होती आणि मी पुढून ओढत होतो, तेव्हा पहिल्यांदा घोडीच्या जागेवरून जग कसं दिसतं ते कळलं. चिखल दिसतो, दुसरं काही नाही.

परत आल्यावर तबेल्यात जाऊन तिच्या मानेला डोकं टेकलं आणि रडलो. कुणी पाहिलं नाही. फक्त दाराबाहेर कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि थांबल्या. मांजर असेल.

शनिवार, ता. १५

अति तिथे माती, असं आज आत्या तीनदा म्हणाली. कशाबद्दल, ते विचारलं तर ऐकू आलं नाही.

मी हार मानलेली नाही. नीळ, थोडी तुरटी आणि एक घटक (तो इथेही लिहिणार नाही) एकत्र करून माझं स्वतःचं औषध बनवलंय. बाटलीवर चिठ्ठी लावली: हात लावू नये. चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिहिली, आत्याला चष्मा न लावता वाचता यावी म्हणून. उद्यापासून धुणं आणि त्यावर हे औषध.

मंगळवार, ता. १८

आजचा दिवस सोन्याच्या अक्षरांनी लिहावा असा, पण पेन निळंच आहे.

जेवताना ही सहज म्हणाली, "अहो, एक विचारू? खळ दिलेल्या कापडाला कुणी पुन्हा पाणी लावतं का?"

"वेडी का काय? खळ दिली की वाळू द्यायचं. पाण्याचा थेंब लागला की सगळी मेहनत वाया."

"आणि नीळ दिल्यावर?"

"नीळ शेवटच्या पाण्यात. त्यानंतर पाणी नाही. हे तर शेंबडं पोरही सांगेल."

"हं," असं म्हणून ही आमटी वाढायला लागली. आत्याला एकदम ठसका लागला.

आणि घास हातात असतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! माझ्या औषधात नीळ आहे. नीळ दिल्यावर पाणी नाही. म्हणजे औषध लावल्यावर पाय धुवायचेच नाहीत! वाळू द्यायचे, कापडासारखे! चिखल लागला तरी वाळू द्यायचा आणि झाडून टाकायचा, लोकरीच्या कोटावरून झाडतो तसा. हे त्या डॉक्टरीणबाईंना सुचलं नाही. सुचणार कसं, त्यांच्या घराण्यात लाँड्री कुठे आहे!

उठून हात न धुताच तबेल्यात गेलो. औषध काढलं. रंग जरा जांभळट झालाय आणि वास बदललाय. मुरलं असणार. लोणच्यासारखी औषधंही मुरतात. फडक्याने हलक्या हाताने लावलं आणि हात मागे बांधून उभा राहिलो. घोडीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी कुणी दुसराच माणूस आहे.

ही दारात येऊन म्हणाली, "तुमच्या डोक्याला मानलं पाहिजे."

तीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली. तारीख वर लिहिली आहेच.

शुक्रवार, ता. २१

सूज उतरली! खपल्या कडेने सुटायला लागल्यात, मी हातही न लावता. माझं औषध संपतच नाही, बाटली रोज तेवढीच भरलेली असते. हा त्या गुप्त घटकाचा गुण.

बारीकसारीक नोंदी. एक, स्वयंपाकघरात गाजर दिसत नाही. ही म्हणते बाजारात नाहीत, आणि मी बाजारात गाजरांचा ढीग स्वतः पाहिला. तिला गाजर ओळखता येईनासं झालं की काय? दोन, हिची दुपारची डोकेदुखी रोजचीच झाली आहे. आज उठून आली तेव्हा अंबाड्यात गवताची काडी. गादीतलं गवत बाहेर आलंय वाटतं, नवी गादी करायला हवी. तीन, हॉटेलच्या पंच्यांमध्ये चार कमी आहेत. जाड, मऊ, पाणी टिपून घेणारे. नेमके तेच.

आणि एक विचित्र गोष्ट. घोडी हल्ली दुपारी, वाळवणाच्या खोलीचं दार वाजलं की, आपण होऊन पाय उचलून उभी राहते. आधी पुढचा उजवा, मग डावा. दुखत असेल का? पण चेहरा तर मजेत असतो.

सोमवार, ता. २४

आज मोह झाला. बाजारातून येताना बाईसाहेब चिखलात अशी नाचत आल्या की पांढरे पाय चारही तपकिरी. रस्त्यावरची दोन माणसं आमच्या गाडीवरची पाटी वाचून हसली. लाँड्रीवाल्याच्या घोडीचे पाय असे! वडील असते तर त्यांनी मलाच भट्टीत घातलं असतं.

हळूच एक ओला स्पंज घेऊन निघालो, तर वाटेत आत्या आडवी पडलेली. "मला चक्कर आली, मला आत ने." मी तिला आत नेलं, पाणी पाजलं, पंख्याने वारा घातला. अर्धा तास. ती डोळे मिटून पडली होती पण माझ्या हातातला स्पंज घट्ट धरून. मग तबेल्यात जाऊन बघतो तर चिखल वाळला होता आणि कुणीतरी झाडूनही टाकला होता.

घोडीने पाय आपटून स्वतःच झाडला असावा. हुशार जात.

गुरुवार, ता. २७

हॉटेलची कपडे सांभाळणारी बाई चार पंचे घेऊन दारात हजर. सापडले खरे, कालच्या गठ्ठ्यात परत गेले होते. पण तिने माझ्या नाकासमोर एक पंचा धरला. त्यावर केस. पांढरे, आखूड, ताठ.

"आमच्या हॉटेलात घोडे उतरत नाहीत," ती म्हणाली.

मी तिची माफी मागितली, पंचे परत घेतले आणि रात्रीच्या जेवणाला मेहुणा आला तेव्हा सगळा राग त्याच्यावर काढला. धंदा बदनाम करून व्हॅन घुसवायचा हा डाव आहे, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो घास तोंडात तसाच ठेवून हिच्याकडे बघायला लागला. चोराच्या मनात चांदणं! ही ताटाकडे बघत राहिली. ही एवढी लाल झालेली मी कधी पाहिली नव्हती. भावाचा डाव उघडा पडल्याची लाज, दुसरं काय. मला तिची कीव आली आणि मी विषय वाढवला नाही.

सोमवार, ता. ३१

घोडामैदान जवळ आलं म्हणतात, ते आज अंगणातच आलं. डॉक्टरीणबाई आल्या, मेहुणाही व्हॅन घेऊन आला. मी रात्रभर झोपलो नव्हतो. सूज उतरली आहे हे मला दिसत होतं, पण बाई काय म्हणतात त्यावर सगळं होतं.

बाईंनी खाली बसून एकेक पाय हातात घेतला. खळगीत बोट फिरवलं. केस नवीन येत होते, कोवळे. एकही खपली नाही. घोडीला चालवून पाहिलं, वळवून पाहिलं, पळवून पाहिलं.

"जुंपा गाडीला," बाई म्हणाल्या. मला एकदम खालीच बसावंसं वाटलं आणि मी बसलो, नेमका ओल्यात.

"रोज टिपून कोरडे कुणी केले पाय?" बाईंनी विचारलं, आणि विचारताना त्यांनी हिच्याकडे पाहिलं.

"ह्यांनीच," ही म्हणाली.

"टिपायची गरजच पडली नाही," मी खालूनच सांगितलं. "नीळ दिल्यावर पाणी लावायचं नाही, हे माझं संशोधन आहे. तुम्हीही इतर घोड्यांवर करून पाहा." बाईंनी पुन्हा डोळे मिटले. त्यांचं हे कौतुक मला आता ओळखता येतं.

मेहुण्याला म्हटलं, "घेऊन जा आता तुझी व्हॅन." तर तो म्हणतो, "भावोजी, ताई मला पहिल्याच दिवशी नाही म्हणाली होती. म्हणाली, घोडी गेली तर तुझं इथलं जेवण बंद. व्हॅन मी आज फक्त गाजराची गोणी आणायला काढली, तिनेच सांगितली होती."

खोटं बोलावं तर मेहुण्याने. पण गोणी मात्र खरीच होती.

मंगळवार, ता. १

आज जे झालं ते लिहू की नको, असा विचार करत बराच वेळ पेन नुसतं धरून बसलो होतो.

घोडी बरी झाली, तर एकदाच, उद्घाटनाला म्हणून, तिचे पाय पांढरेशुभ्र करावेत असं वाटलं. कोटाच्या आतल्या खिशात साबणाची नवी वडी घेतली आणि भरदुपारी, सगळ्यांची जेवणं उरकल्यावर, तबेल्याकडे गेलो. ही डोकेदुखीने पडलेली असणार होती.

ही तबेल्यात होती. भोक पडलेली बादली उपडी घालून तिच्यावर बसली होती. खांद्यावर हॉटेलचे ते चार पंचे, वाळवणाच्या खोलीतून आणलेले, अजून वाफाळत होते. घोडीचा मागचा डावा पाय मांडीवर घेऊन ती खळगी टिपत होती, आपलं तान्हं बाळ पुसावं तशी. बाजूला बाईंच्या औषधाची बाटली होती, फळीवर अगदी मागे ठेवलेली ती. तळाला गेलेली.

मी दारात उभा. घोडीने मला पाहिलं, पण पाय काढून घेतला नाही. मग हिने पाहिलं. मी खिशावर हात ठेवला तो बहुधा तिला दिसला, कारण ती म्हणाली, "खळ दिलेल्या कापडाला..."

"...पाणी नाही," मी म्हणालो.

वडी काढून तिच्यापुढे धरली. तिने ती न बघता कोपऱ्यातल्या गवताच्या भाऱ्याखाली सरकवली. तिथे दोन आधीच होत्या.

मला पुष्कळ विचारायचं होतं. एक तर ती नाहीतर मी म्हणालीस, ते काय होतं? बादलीला भोक कुणी पाडलं? चपला कुणाच्या वाजल्या? पण तीन पिढ्यांचा नियम आहे, डाग कसा पडला हे विचारायचं नाही. तो गेला, एवढं बघायचं.

मी दुसरा पंचा घेऊन पलीकडे बसलो. घोडीने मान वळवून आधी हिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बऱ्याच विचाराने पुढचा उजवा पाय उचलून माझ्या हातात दिला.

"हलक्या हाताने," ही म्हणाली.

"मला शिकवू नकोस," मी म्हणालो, आणि हलक्या हाताने टिपायला लागलो.